अनेक यंत्रे, एक दप्तर (लेखांक नववा) : दिसायला एक, नोंदीला दोन

गेल्या लेखांकाच्या अखेरीस, दोन यंत्रांवर एकाच वेळी दुरुस्त झालेल्या फाइलीचा तंटा कसा मिटवावा हा विषय या आठवड्यासाठी राखून ठेवला होता. परंतु मध्यंतरी पोलादपूर तालुक्यातील एका सेवा सोसायटीच्या गटसचिवांचे जे पत्र आले, त्यातील प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला तरी मराठीत दप्तर ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत केव्हा ना केव्हा येणारा असल्यामुळे, तो तंटा तूर्त तहकूब ठेवून आज या पत्राचाच परामर्श घेतो.

सोसायटीच्या कचेरीतील विंडोजचा संगणक, सचिवांचा स्वतःचा मोबाइल आणि पुण्यास नोकरीस असलेल्या त्यांच्या चिरंजीवांचा जुना मॅक लॅपटॉप, अशा तीन यंत्रांवर त्यांनी एकच फोल्डर सिंक केलेले आहे. त्या फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाची फाइल हल्ली दोनदा दिसते. नावात कानामात्रेचा फरक नाही, अधिक रिकामी जागा नाही, नावाच्या शेपटीचा (एक्स्टेन्शनचा) प्रकारही तोच. मात्र एकीत अलीकडे दाखल झालेल्या सभासदांची नावे आहेत आणि दुसरीत नाहीत. एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली नांदू शकत नाहीत असे आपणच पूर्वी लिहिले होते, मग हे कसे, असा त्यांचा रास्त सवाल आहे.

हा सवाल हौसेचा नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री नदीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळली, तेव्हा एकाच खोलीतल्या एकाच कपाटावर भिस्त ठेवण्यात काय धोका असतो ते या मुलखाला नव्याने सांगण्याची गरज उरली नाही. आपत्तीनंतर पंचनामे होतात, मदतीच्या याद्या होतात, आणि त्या वेळी जुनी यादी नवी समजून पुढे गेली तर एखाद्या खातेदाराचे नाव निष्कारण गळते. तेव्हा दोन याद्यांचे मूळ शोधलेच पाहिजे.

यंत्र अक्षराची आकृती पाहत नाही. ते पाहते त्यामागचे क्रमांक. युनिकोड या प्रमाणात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास स्वतंत्र क्रमांक आहे, आणि मराठीचा सारा घोटाळा ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील त्या आडव्या रफारापाशी, म्हणजे ‘ऱ्य’पाशी होतो. हे जोडाक्षर तीन रीतींनी लिहिता येते. पहिल्या रीतीत नुक्त्यासहित, म्हणजे खालच्या टिंबासहित, असा एकसंध ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. दुसरीत साधा ‘र’, त्यानंतर सुटा नुक्ता, मग हलन्त आणि ‘य’. तिसरीत नुक्ता मुळीच नसतो. साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह आणि अखेर ‘य’. पडद्यावर तिन्हींची आकृती एकच उमटते. क्रमांकांच्या माळा मात्र तीन निराळ्या असतात.

हा प्रपंच टाळावा म्हणून साधा ‘र्य’ लिहून भागत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत सह्याद्री आणि समुद्र यांइतके अंतर आहे, आणि पोलादपूरच्या माणसास ते समजावून द्यावे लागू नये. शिवाय सरकारी व सहकारी दप्तरात कर्मचाऱ्यांची हजेरी, उताऱ्याची नक्कल, दौऱ्याचा अहवाल, व्यापाऱ्यांची बाकी अशी नावे पावलोपावली येतात.

तीन यंत्रांनी तीन रीती का धराव्यात? इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली की एकसंध ‘ऱ’ मिळतो. इतर कळफलकांपैकी आणि जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या साधनांपैकी काही अदृश्य जोडचिन्हाची वाट घेतात. मॅकवर १९९८ साली आलेली एचएफएस प्लस ही साठवणपद्धती तर फाइलीचे नाव घेताना एकसंध अक्षरे फोडूनच ठेवी, म्हणजे ‘ऱ’ दिला तरी आत ‘र’ आणि नुक्ता अशी विभागणी होई. २०१७ साली एपीएफएस आल्यावर ही सक्ती गेली, पण जुन्या लॅपटॉपवरची नावे अजून त्याच रूपात फिरत असतात. उलट विंडोज आणि लिनक्स, व लिनक्सवरच उभारलेला अँड्रॉइड, जसे नाव येईल तसे निमूट ठेवून घेतात.

युनिकोडच्या नियमानुसार पहिली आणि दुसरी रीत समतुल्य आहेत, आणि सिंकथिंगसारखी काही साधने अशी नावे आपण होऊन एका रूपात आणतात. तिसरी रीत मात्र त्या नियमात समतुल्य ठरत नाही. मराठी डोळ्यास जे एक आहे ते प्रमाणानेच दोन मानले, तेव्हा कोणतेही साधन ही दोन नावे आपसूक एक करील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. आणि माझ्या मते लिपीच्या संकेतांकनातील ही उणीव मराठीला अद्याप जाचते आहे.

पारख सोपी आहे. विंडोजच्या नोटपॅडमध्ये नाव चिकटवावे आणि ‘शेतकऱ्य’च्या पुढील सर्व पुसून, मग बॅकस्पेसची कळ एकेकदा दाबत जावे. ‘य’ गेल्यानंतरच्या दाबाला हलन्त जाऊन खाली टिंब असलेला ‘ऱ’ उरला, आणि पुढच्या दाबाला तो सबंध गेला, तर ती पहिली रीत. पुढच्या दाबाला नुसते टिंब गेले आणि ‘र’ राहिला, तर दुसरी. टिंब मुळात दिसलेच नाही, तर तिसरी.

आता उपाय. दोहोंपैकी एक फाइल तारीख पाहून घाईने पुसू नये. दोन्ही उघडून नावे पडताळावीत, सर्व नोंदी एकीत आणाव्यात, दुसरी फोल्डराबाहेर बाजूला ठेवावी, आणि मगच उरलेल्या फाइलीला एकाच यंत्रावरून पहिल्या रीतीचे नाव द्यावे. नाव बदलणे म्हणजे पुष्कळ साधनांच्या लेखी जुनी फाइल जाणे आणि नवी येणे. म्हणून आंबेनळी घाटाकडच्या ज्या वाडीत मोबाइलला रेंज मिळत नाही तेथे गेलेल्या मोबाइलवर कोणी जुन्या नावाच्या फाइलीत फेरफार केला, तर रेंजमध्ये येताच ते जुने नाव पुन्हा हजर होते. तिन्ही यंत्रे सुरू आणि जुळलेली असतानाच हे काम उरकावे.

फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवा म्हणजे कटकट मिटेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. ज्या सभासदांची यादी आहे त्यांना आणि ती हाताळणाऱ्या कारकुनाला जे नाव वाचता येते तेच फाइलीचे नाव असावे. एवढे पथ्य मात्र पाळावे की नाव आटोपशीर ठेवावे. लिनक्सच्या रूढ साठवणपद्धतीत एका नावास २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे कानामात्रा धरून ८५ चिन्हांच्या पुढचे नाव विंडोजवर चालले तरी तेथे अडते.

महाड-पोलादपूरकडील ज्या संस्था, पतपेढ्या आणि दुकानदार आपले दप्तर असे दोनतीन यंत्रांवर ठेवतात, त्यांना माझी विनंती आहे की ‘ऱ्य’ कोणत्या कळांनी लिहायचा हे कचेरीत एकदा ठरवून घ्यावे, ते संगणकाशेजारी कागदावर लिहून लावावे, आणि पावसाळ्यापूर्वी आपल्या फोल्डरांत दिसायला एकाच नावाच्या दोन फाइली आहेत का ते पाहून ठेवावे.