अडून बसण्याचा तास

जुलै २०२४मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड झालं. भारताच्या सहा मुलांनी चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं, सहाव्याच्या वाट्याला उल्लेखनीय कामगिरीचं प्रशस्तिपत्र आलं आणि देश चौथा ठरला. भारत या स्पर्धेत उतरू लागल्यापासूनची ही सगळ्यात वरची जागा. आमच्या संपादकांनी मला बोलावून सांगितलं, "पदकांचं सगळे लिहितील. अशी मुलं तयार कशी होतात, ते बघून ये."

म्हणून एका रविवारी सकाळी साडेआठला मी पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचलो. निवृत्त प्राध्यापकांचा हा घरगुती वर्ग. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलेला, घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, समोर लाकडी चौकटीतला फळा. आठवी-नववीची चौदा मुलं होती, त्यांत तीन मुली. दाराशी चपलांच्या शेजारी वेताची टोपली, तिच्यात सगळ्यांचे फोन. टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा: जुनी हँडबिलं, बँकेची पत्रकं, कुणाच्या तरी ऑफिसातले वाया गेलेले प्रिंट. एका बाजूला छापील मजकूर, दुसरी बाजू मुलांची.

या वर्गाचा एकच कडक नियम आहे. चुकलेला कागद फाडायचा नाही, खोडायचा नाही. वर नाव आणि तारीख घालून तो सरांकडे द्यायचा. सरांच्या कपाटात अशा कागदांच्या फायली वर्षावार लावलेल्या आहेत. मी एक फाईल उघडली. एका मुलीचे एकाच प्रश्नावरचे अकरा कागद होते, पहिल्या आणि शेवटच्या तारखेत सात आठवड्यांचं अंतर. अकराव्या कागदावर चारच ओळी. सर म्हणाले, "लोक त्या चार ओळी बघतात. मला आधीचे दहा कागद जपायचे असतात."

त्या दिवशी सुरुवात एका गोष्टीने झाली. १९५९च्या सुमाराला हंगेरीत पॉल एर्डिश या मोठ्या गणितज्ञाने लायोश पोशा नावाच्या, बारा वर्षांच्याही आतल्या मुलाला जेवणाच्या टेबलावर एक प्रश्न घातला. एक ते शंभरमधल्या कोणत्याही एक्कावन्न संख्या उचलल्या, तर त्यांत मसावि १ असलेल्या दोन संख्या असणारच, का? एर्डिशनी संख्या अक्षरांत मांडली होती, सरांनी मुलांसाठी शंभर घेतली. पोशा सूप पीत होता. जरा वेळाने म्हणाला, "त्या शेजारी असतात." संपली सिद्धता. शंभरातून एक्कावन्न घेतल्या की कुठे तरी दोन लागोपाठच्या येणारच, आणि लागोपाठच्या संख्यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नसतो. या पोशांनी पुढे संशोधनापेक्षा मुलांची गणित शिबिरं घेण्यातच आयुष्य घातलं, हेही सरांनी मुलांना सांगितलं.

मग त्यांनी फळ्यावर दुसरा प्रश्न लिहिला. एक ते शंभरमधल्या कोणत्याही एक्कावन्न संख्या घ्या. त्यांत अशा दोन सापडतातच, की एक दुसरीला निःशेष भागते. दाखवा. खडू ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

पुढची चाळीस मिनिटं ते जवळजवळ काही बोलले नाहीत. मला आधी हे अवघड गेलं. मी ज्या शाळेत शिकलो तिथे गणिताच्या तासाला शांतता म्हणजे शिक्षा असायची, आणि वहीत वेगळी रीत दिसली की उत्तर बरोबर असूनही गुण जायचे. इथली शांतता वेगळी होती. पेन्सिलींचा आवाज, कुणी तरी पुटपुटल्याचा आवाज, कागद पालटल्याचा आवाज.

माझ्या शेजारी मराठी माध्यमाच्या शाळेतला एक मुलगा बसला होता. हडपसरहून बसने येतो. त्याने आधी लहान संख्या घेऊन पाहिल्या, मग एकदम ५१ ते १०० अशी ओळ लिहून काढली. पन्नास संख्या, एकही दुसरीला भागत नाही, कारण ५१ची दुप्पटच १०२ होते. त्याचा चेहरा उजळला. आता एक्कावन्नावी संख्या पन्नास किंवा त्याखालचीच असणार. तिची दुप्पट, पुन्हा दुप्पट करत गेलं की ती कधी तरी ५१ ते १००च्या पट्ट्यात पडतेच. म्हणजे भागाकार जाणारच. त्याने हात वर केला.

सरांनी कागद नीट वाचला. "हे बरोबर आहे. पण तू कोणत्या पन्नास संख्यांबद्दल बोललास?"

"ह्या. एक्कावन्न ते शंभर."

"आणि मी काय म्हणालो होतो?"

मुलाने फळ्याकडे पाहिलं. 'कोणत्याही' या शब्दावर त्याची नजर थांबली, ती मला दिसली. त्याने कागदावर तारीख घातली आणि नवा पाठकोरा ओढला.

ऑलिम्पियाडचं गणित आणि शाळेचं गणित यांतला फरक मला त्या एका शब्दात कळला. एका उदाहरणात खरं ठरणं आणि सगळीकडे खरं असणं यांच्यामध्ये जी दरी आहे, ती ओलांडायला कुठलंही सूत्र मिळत नाही. ऑलिम्पियाडला कॅल्क्युलस लागत नाही. अंकशास्त्र, भूमिती, बीजगणित आणि मोजणीचं गणित, म्हणजे बरंचसं शाळेच्या आवाक्यातलंच. तरी दोन दिवस रोज साडेचार तास, रोज तीनच प्रश्न, आणि प्रत्येकाला सात गुण. दीड तासाला एक प्रश्न. एवढा वेळ द्यावा लागतो, कारण प्रश्न आधी पाहिलेला नसतो.

मागच्या ओळीतल्या एका मुलीने त्या मुलाची कल्पना ऐकली होती. दुप्पट करण्याऐवजी ती अर्धी करत बसली. ९६, ४८, २४, १२, ६, ३. इथे अडलं, तीनचे अर्धे होत नाहीत. ८०, ४०, २०, १०, ५. पुन्हा अडलं. प्रत्येक संख्या अर्धी करत गेलं की शेवटी एका विषम संख्येपाशी येऊन थांबते. शंभरपर्यंत विषम संख्या किती? पन्नास. तिने पन्नास खणांचं फडताळ काढायला घेतलं. तीनच्या खणात ३, ६, १२, २४, ४८, ९६. पाचच्या खणात ५, १०, २०, ४०, ८०. सात खण झाल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली. एक्कावन्न संख्या, पन्नास खण. एका खणात दोन येणारच, आणि एका खणातल्या दोघींपैकी लहान मोठीला भागतेच.

या युक्तीला इंग्रजीत कबुतरांच्या खुराड्याचं नाव आहे. पण डिरिख्ले या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते तेव्हा खणांचंच तत्त्व म्हणतात, म्हणून सरही खणच म्हणतात. मला विशेष वाटलं ते पुढचं. सरांनी त्या मुलीला फळ्याशी बोलावलं आणि सांगायला लावलं, की ही वाट कुणाच्या कागदावरून सुरू झाली. तिने हडपसरच्या मुलाकडे बोट केलं.

या वर्गामागे मोठा इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो. स्पर्धा १९५९ साली रुमानियात सात देशांनी सुरू केली. भारत १९८९पासून उतरतो. १९९६चं ऑलिम्पियाड मुंबईत भरलं होतं. निवड आणि शिबिरांचं काम मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहतं, पाठीशी अणुऊर्जा विभागाचं राष्ट्रीय उच्च गणित मंडळ. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. अभ्यंकर अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात होते, बीजगणितीय भूमितीत जगभर नाव होतं, आणि तरी शाळकरी मुलांना गणिताची गोडी लावणं त्यांना दुय्यम वाटलं नाही. आणखी मागे गेलं तर चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला आणि त्याला दान मिळालं, त्याची ती नोंद. शाळेबाहेर गणित शिकवायची जागा आणि तिच्या खर्चाची सोय, दोन्ही आठशे वर्षांपूर्वी खानदेशात दगडावर कोरून ठेवली होती.

आता अडचणी. मी यासाठी गेलो नव्हतो, पण मुलांचे पालक खाली जिन्यात भेटले आणि बोलणं तिकडेच गेलं.

पहिली पायरीच बदलली आहे. पूर्वी सुरुवातीपासून सिद्धता लिहावी लागे. आता पहिल्या चाचणीत तीन तासांत तीस प्रश्न असतात, प्रत्येकाचं उत्तर ०० ते ९९मधली संख्या, आणि गोळे काळे करायचे. देशभरातल्या एवढ्या मुलांच्या वह्या माणसांनी तपासणं शक्य नाही, हे मला पटतं. पण सहा मिनिटांत एक प्रश्न या हिशेबात हडपसरच्या मुलाचा तो सुंदर, अपुरा कागद कुठे बसत नाही. त्यातून जो निभावतो तो पुढच्या फेरीत तीन तासांत सहा प्रश्नांच्या सिद्धता लिहितो, मग राष्ट्रीय फेरी, मग शिबिर, मग सहा जणांचा संघ. पहिलं दार एका गुणाचं आणि आतली दारं दुसऱ्याच गुणाची, अशी ही रचना झाली आहे. सर म्हणाले, "मी दोन्ही शिकवतो. पण एक शिकवताना दुसरं बिघडेल अशी भीती वाटते."

दुसरी अडचण जेईईची. आठवीपासून फाउंडेशन, दहावीनंतर इंटिग्रेटेड कॉलेज, रविवारी टेस्ट सिरीज. जिन्यातल्या एका आईने मला सरळ विचारलं, "याचा पुढे उपयोग होतो का हो?" तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. घरातला एक पगार फीमध्ये जातो तेव्हा प्रत्येक तासाचा हिशेब लागतो. मी तिला मरियम मिर्झाखानीचं नाव सांगितलं: इराणच्या या मुलीने १९९५ साली ऑलिम्पियाडमध्ये बेचाळीसपैकी बेचाळीस मिळवले आणि २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. आईने ऐकून घेतलं, पण तिला हवं होतं ते उत्तर हे नव्हे, हे मलाही कळत होतं.

आणि भाषा. हडपसरचा मुलगा मसावि आणि लसावि म्हणतो, बाकीचे एचसीएफ आणि एलसीएम. त्याला गणित अडत नाही, पुस्तक अडतं. ऑलिम्पियाडची चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत, आणि 'असेल तर आणि तरच' यासारखा शब्दप्रयोग इंग्रजीतून समजून घेताना त्याची दमछाक होते. सर त्याच्यासाठी रात्री बसून प्रश्न मराठीत उतरवतात. ती वही त्यांनी मला दाखवली, शाईच्या पेनाने लिहिलेली. निम्मी भरली आहे. सरांचं वय चौऱ्याहत्तर. हे काम घेणारं दुसरं कुणी त्यांना अजून मिळालेलं नाही.

फोनच्या टोपलीबद्दल मी विचारलं. २०२५च्या ऑलिम्पियाडचे प्रश्न दोन कंपन्यांच्या संगणकांनी सोडवले आणि बेचाळीसपैकी पस्तीस गुण मिळवले, सुवर्णपदकाइतके. मुलांना हे माहीत आहे. सर म्हणाले, "उत्तर खिशात आहे हे ठाऊक असलं की चाळीस मिनिटं बसवत नाही. मोठ्यांनाही बसवत नाही. म्हणून टोपली."

साडेअकराला वर्ग सुटला. मुलीच्या फडताळाचा फोटो काढायला मुलं टोपलीतून फोन घेऊन परत फळ्याशी आली. हडपसरचा मुलगा थांबून होता. त्याच्या वडिलांनी जूनपासून त्याचं नाव एका क्लासमध्ये घातलं आहे, परीक्षा रविवारी सकाळी. म्हणजे इथले आणखी चार रविवार. सरांनी मराठी वहीत त्याच्यासाठी चार प्रश्न उतरवून ठेवले आहेत. पहिले तीन एका सकाळी सुटण्यासारखे आहेत. चौथा मी वाचला. त्याला कित्येक महिने लागतील. त्या पानाला सरांनी पाठकोऱ्या कागदांचा नवा गठ्ठा टाचणी लावून जोडला आहे.