उजळाईवाडी ते सांबरा : नकाशावरचें अंतर आणि वाटेवरचा वेळ

कोल्हापूरचा उजळाईवाडी येथील विमानतळ आणि बेळगांवचा सांबरा येथील विमानतळ यांमध्यें अंतर किती, असें विचारल्यास पुष्कळ मंडळी ९६ किलोमीटर असें सांगतात. हा आंकडा खोटा नाहीं. आम्हीं तो स्वतः पडताळून पाहिला आहे. उजळाईवाडी सुमारें १६ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे, तर सांबरा १५ अंश ५२ कलांवर. या ४८ कलांचे दक्षिणोत्तर ८९ किलोमीटर झाले. पूर्वपश्चिम फरक सुमारें ३५ किलोमीटरांचा. शेताच्या मोजणींत शंकूनें काटकोन साधून जसा कर्ण काढावा, तसा येथें काढला असतां उत्तर ९६ येतें. ताशीं ४८० किलोमीटर वेगाच्या विमानास या कर्णावरून जावयास १२ मिनिटें पुरतील. परंतु आमचे वाचक कर्णावरून जात नाहींत.

गेल्या डिसेंबरांत आमच्या पुतण्याच्या दोन एकर टोमॅटोस मर रोगानें गांठलें. रोगट झाडें मुळांसकट उपटून, ओल्या कागदांत गुंडाळून, बंगळूर येथील एका तज्ज्ञास दाखविण्यासाठीं आम्ही दोघे उजळाईवाडीस गेलों. धुक्यामुळें विमान रद्द झाल्याचें सव्वादहा वाजतां कळलें. पुतण्यानें लागलींच सांबऱ्याहून दुपारीं दोनच्या विमानाचीं तिकिटें घेतलीं. "शहाण्णव किलोमीटर, काका, दीड तासांत पोहोंचूं," असें तो म्हणाला. आम्हीं सारें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी केलेली; गांवनकाशांतील पाऊलवाट व चिखलांतली पाऊलवाट यांतील भेद आम्हांस तरी ठाऊक असावयास हवा होता. तरीहि आम्हीं मान डोलाविली.

सामान परत मिळून भाड्याची मोटार ठरेपर्यंत अकरा वाजले. सडकेनें हें अंतर ११० किलोमीटरांच्या वर भरतें, हें मोटारवाल्यानें कागल मागें पडल्यावर सांगितलें. कोगनोळीच्या टोलनाक्यावर रांग होती. निपाणीच्या पुढें तवंदीच्या घाटांत उंसाच्या जोडट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एकामागून एक चढत होते. त्यांतील एखादा आमच्या वाचकांपैकींच कोणाचा असेल, तेव्हां राग कोणावर धरावा? संकेश्वर व वंटमुरीचा घाट ओलांडून पावणेएकास बेळगांव दिसलें, आणि आम्हांस हायसें वाटलें. येथेंच आमची दुसरी चूक झाली. हमरस्ता शहराच्या एका अंगास, तर सांबरा बागलकोटच्या वाटेवर पूर्वेस. त्या शेवटच्या टप्प्यास पस्तीस मिनिटें लागलीं. एक वाजून वीस मिनिटांनीं पोहोंचलों, आणि खिडकी तर विमानाच्या एक तास आधीं, एक वाजतांच बंद झालेली.

रात्रींच्या बसनें बंगळूर गांठलें; परंतु तोंवर झाडें सडून काळीं पडलीं होतीं. तज्ज्ञांनीं ताजीं आणण्यास सांगितलें. दुसरी खेप होईतों पाऊण एकर वाळलें. तिकिटांचे पैसे गेले ते निराळेच.

कोल्हापूरचा तळ संस्थानी अमलांत, राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं झाला. सांबऱ्याचा १९४२ सालीं ब्रिटिश हवाई दलानें युद्धासाठीं केला. एकाचें विमान चुकल्यास उतारूनें दुसऱ्याकडे धांवावें, ही कल्पना दोघांच्याहि मनांत नसावी. तशी धांव घेणें भागच पडल्यास वाटेचे तीन तास व खिडकीचा एक, असे चार तास हातीं असल्यावांचून तिकीट घेऊं नये. पावसाळ्यांत तेहि पुरतील असें नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत वेदगंगेच्या पुरानें यमगर्णीजवळ हाच रस्ता बंद पडला होता.

चंदगडच्या बंधूंची गोष्ट वेगळी. जिल्हा कोल्हापूर म्हणून ते उजळाईवाडीचें नांव घेतात. वस्तुतः सांबरा त्यांना कितीतरी जवळ आहे. गडहिंग्लजकरांस दोन्हीं तळ जवळजवळ सारखेच. त्यांनीं आपल्या उंबऱ्यापासून दोन्हीं वाटा एकेकदां घड्याळ लावून पाहाव्या, आणि तेंहि गळिताच्या हंगामांत.