गोवारी चेंगराचेंगरी (१९९४)

गोवारी चेंगराचेंगरी ही २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे, राज्य विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गेलेल्या मोर्चात घडलेली दुर्घटना होय. तीत ११४ गोवारींचा मृत्यू झाला. मृतांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती.

पार्श्वभूमी
गोवारी हा विदर्भातील परंपरेने गुरे राखणारा समाज आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतील 'गोंड गोवारी' ही नोंद आपलीच आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्यानुसार जमातीच्या सवलती मिळाव्यात, ही मोर्चाची मागणी होती.

घटना
पोलिसांनी मोर्चा विधान भवनापूर्वीच अडविला. सायंकाळी लाठीमार होताच धावपळ उडाली. कठड्यांमुळे बाहेर पडण्यास वाट उरली नाही. लेकरांना घेऊन आलेल्या स्त्रिया गर्दीत तुडवल्या गेल्या.

परिणाम
१९९५ मध्ये राज्य शासनाने गोवारींचा समावेश २ टक्के आरक्षणाच्या विशेष मागास प्रवर्गात केला. अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र दिला नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोवारी व गोंड गोवारी वेगळे ठरवून तो रद्द केला. ज्या मागणीसाठी हे बळी गेले, ती अशा रीतीने अपूर्ण राहिली. नागपुरातील झिरो माईलजवळच्या गोवारी शहीद स्मारकावर दरवर्षी २३ नोव्हेंबरला समाजबांधव श्रद्धांजली वाहतात.