वादीवरची भोकं

पहाटे साडेपाचला पागेत पहिला आवाज येतो तो बादलीच्या कडीचा. तो कानावर पडला की चिंगी पुढच्या पायाने दाराची फळी ठोकते. पलीकडचा मोठा घोडा मान बाहेर काढतो. आणि जिला शाळेसाठी सहा हाका माराव्या लागतात ती माझी भाची, कुणी न सांगता, चंदी मोजू लागते. भिजवलेला हरभरा, ओट, गव्हाचा कोंडा. चंदी खाऊन झाली की निदान तासभर खोगीर चढत नाही. त्या तासात खरारा करायचा आणि खूर साफ करायचे. चार पाय एकेक करून उचलायचे, नालेच्या आतली माती आकडीने खरवडायची, आणि तळव्यातल्या मऊ त्रिकोणाला टोक लागू द्यायचे नाही. अडीचशे किलोचे जनावर अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात आपला पाय देऊन शांत उभे राहते. दोन वर्षे जवळजवळ दर रविवारी मी हे पाहते आहे. उडीचा खेळ इथेच सुरू होतो, असे मला आता वाटते.

पुण्याजवळच्या या पागेत अठरा जनावरे आहेत. बहुतेक रेसकोर्सवरून निवृत्त झालेले उंच थरोब्रेड. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते पेलत नाहीत, आणि मूल त्यांना पेलत नाही असेही म्हणता येईल, कारण त्यांच्या पाठीवर मुलांचे पाय बरगड्यांच्या अर्ध्यावरच संपतात. चिंगी वेगळी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आलेली, कुमेत रंगाची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. उंची 132 सेंटिमीटर. ही उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. आयाळ संपते तिथल्या खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात, कारण डोके वरखाली होते, तो उंचवटा होत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत नालेशिवाय 148 सेंटिमीटरपर्यंतचे जनावर पोनी, त्यावर घोडा. ब्रिटनमध्ये मुलांच्या उडी-स्पर्धा 128, 138 आणि 148 अशा तीन उंचींत विभागलेल्या असतात, त्यामुळे लहान तट्टाला उंच तट्टाशी झगडावे लागत नाही. आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांत तेवढी जनावरेच नसतात. चिंगीला मोठ्या घोड्यांसाठी आखलेल्या मैदानातच उतरावे लागते.

तट्टू हा शब्द मराठीत आपण फार वाईट वापरतो. भाड्याचे तट्टू, अडेलतट्टू. ज्या मुलखाने भीमथडीच्या तट्टांवर हिंदुस्थानभर मुलूखगिरी केली, त्याने हा शब्द शिवीसारखा का ठेवावा? अडेल म्हणजे काय तेही जवळून पाहिले की वेगळे दिसते. त्याकडे पुढे येतेच.

शिकवणारे दफेदार काका सातारा जिल्ह्यातले, घोडदळातून निवृत्त झालेले. आवाज मोठा नाही. शिकवताना वाक्ये तीनच: टाच खाली, नजर वर, हात हलका. मुले स्वतःच्या घोड्यावर येतात की पागेच्या, याचा ते भेद करत नाहीत, पण गमतीने पागेच्या जनावरावर बसणाऱ्यांना बारगीर आणि घरचे जनावर असणाऱ्यांना शिलेदार म्हणतात. महाराजांच्या फौजेतलेच शब्द. माझी भाची बारगीर. मला ते बरे वाटते. बारगिराला आज चिंगी, उद्या दुसरे कुणी, असे मिळेल त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

याआधी ती दुसऱ्या एका ठिकाणी शिकत होती. तिथे तिसऱ्याच महिन्यात तिला सत्तर सेंटिमीटरवरून उडवले. आम्ही घरच्यांनी व्हिडिओ काढले, नातेवाइकांना पाठवले. पाचव्या महिन्यात ती पडली आणि मनगट मोडले. पडणे या खेळात आहेच, हेल्मेट आणि छातीचे कवच त्यासाठीच असते. पण ती पडली ते घोडा थांबला म्हणून, आणि घोडा थांबला तो प्रत्येक उडीला त्याच्या तोंडाला हिसका बसत होता म्हणून. हे तिथे कुणी सांगितले नाही. दफेदार काकांनी जुना व्हिडिओ एकदाच पाहिला आणि म्हणाले, "ताई, हिला बसायला कुणी शिकवलंच नाही."

उडी घोडा मारतो. वरच्याचे काम त्याला अडचण न होण्याचे. वाक्य सोपे आहे, शरीराला ते कळायला वर्ष लागते. झेप घेताना घोडा आधी मान आखडून घेतो आणि मग लांब पुढे टाकतो. त्या क्षणी मुलाचे हात जिथल्या तिथे राहिले तर लगाम ताणतो आणि तोंडातली लोखंडी कडी हिरडीवर आदळते. म्हणून हात मानेबरोबर पुढे जायला हवेत, वजन रिकिबीत हवे आणि बूड खोगिरापासून किंचित उचललेले. पूर्वीचे स्वार झेपेच्या वेळी मागे रेलत. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिली या अधिकाऱ्याने ते चूक ठरवले आणि पुढे झुकून घोड्याला मोकळे सोडण्याची बैठक रूढ केली. आज जगभर मुले तीच शिकतात. मराठीत याला सुंदर शब्द आहे: मांड. मांड पक्की असली तरच हात हलका होतो. ज्याची मांड कच्ची, तो लगामाला लटकतो.

इथे आल्यावर आठ महिने भाचीने गुडघ्याएवढ्या फुलीवरून उड्या मारल्या. दोन दांड्या तिरक्या ठेवून केलेली फुली. दोन्ही बाजूंना आडोसा, त्या बोळातून चिंगी आपली आपण जायची. लगामाला गाठ मारून मानेवर टाकलेला आणि भाचीचे दोन्ही हात पाखरासारखे पसरलेले. आधी हात पसरून, मग कमरेवर ठेवून, मग डोळे मिटून. डोळे मिटले की झेप कधी येते ते पोटाला कळते, असे ती म्हणते. कुंपणाशी उभ्या पालकांपैकी काहींना हा वेळेचा अपव्यय वाटे. "आमच्याहून मागून आलेली मुलं ऐंशीवर गेली," असे एक बाई मला दोनदा म्हणाल्या. दफेदार काका दांडी वर चढवत नव्हते. मला त्यांचे बरोबर वाटत होते आणि आजही वाटते.

मागच्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा स्पर्धेत उतरली. साठ सेंटिमीटर, आठ अडथळे, मिनिटभराची फेरी. ती मिनिटभराची असली तरी खरी मजा आधीच्या वीस मिनिटांत होती. स्पर्धा सुरू होण्याआधी स्वारांना मैदानात पायी जाऊ देतात. घोड्याला नाही. घोडा ते अडथळे पहिल्यांदा पाहतो तो फेरीतच. म्हणून रस्ता मुलाने पाठ करायचा. प्रत्येक अडथळ्याच्या उजवीकडे लाल निशाण, डावीकडे पांढरे, म्हणजे कुठल्या बाजूने यायचे ते कळते. आणि जिथे दोन अडथळे एका रेषेत जवळ असतात तिथे पावलांनी अंतर मोजायचे.

मोठ्या घोड्याची कँटरमधली, म्हणजे मध्यम दौडीतली, एक ढांग सुमारे बारा फूट. माणसाने तीन फुटांचे पाऊल टाकले तर अशी चार पावले म्हणजे एक ढांग. झेपेनंतर टेकायला सहा फूट आणि पुढची झेप घ्यायला सहा फूट धरायचे, उरलेल्यात ढांगा बसवायच्या. अकरा वर्षांच्या मुलीचे पाऊल तीन फुटांचे नसते. ते टाकायला ती घरी शिकली होती, गॅलरीत खडूने रेघा मारून, आईचा टेप घेऊन. आता मैदानात ती लांब लांब टांगा टाकत, ओठ हलवत मोजत होती. चौथ्या आणि पाचव्या अडथळ्यांत वीस पावले. साठ फूट. मोठ्या घोड्यांना नेमक्या चार ढांगा.

चिंगीची ढांग नऊ फुटांच्या थोडी वर. टेकायला पाच, झेपेला पाच फूट सोडले तर उरतात पन्नास. पाच ढांगा हव्यात तर प्रत्येक दहा फुटांची, म्हणजे तिला पुढे हाकायला हवे. सहा हव्यात तर सव्वाआठ फुटांची, म्हणजे आवरायला हवे. भाचीने हा हिशेब तिथेच मातीत काडीने केला आणि दफेदार काकांकडे पाहिले.

"पाच मागितल्यास तर देईल. सहा मागितल्यास तरी देईल. साडेपाच मागू नको."

इतकेच. पाच की सहा, हे त्यांनी सांगितले नाही. आत गेल्यावर ठरवायचे तिनेच होते.

घंटा झाली. घंटेनंतर पंचेचाळीस सेकंदांत पहिल्या रेषेतून जायचे असते. पहिले दोन अडथळे नीट गेले. तिसऱ्याखाली निळी फळी लावली होती. घोड्याला आपल्यासारखे सगळे रंग दिसत नाहीत, लाल आणि हिरवा त्याला फारसे वेगळे वाटत नाहीत, पण निळा आणि पिवळा ठळक दिसतात. ब्रिटनच्या अडथळा शर्यतींत दांड्यांचा केशरी रंग काढून पांढरा केला, तो याच कारणाने: माणसाला केशरी उठून दिसतो, घोड्याला नाही. शिवाय घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने कपाळासमोरचा जवळचा पट्टा त्याला दिसत नाही. झेपेच्या अगदी शेवटच्या क्षणी अडथळा त्याच्या नजरेतून जातो. तो जे आधी पाहिले त्यावर आणि पाठीवरच्याच्या भरवशावर उडतो.

भाचीने निळ्या फळीकडे पाहिले. नजर खाली गेली, त्याबरोबर खांदे पुढे आले, वजन चिंगीच्या पुढच्या पायांवर पडले. चिंगी थांबली. माती उडाली, भाची मानेपर्यंत घसरली आणि आयाळ धरून राहिली. कुंपणाजवळून कुणाचे तरी बाबा ओरडले, "छडी मार, छडी!" चार गुण गेले. दांडी पडली तरी चार, पहिल्यांदा नकार दिला तरी चार. दुसरा नकार किंवा पडणे म्हणजे फेरी संपली.

अडेलतट्टू ते हेच. पण चिंगी अडली तिला सांगितले म्हणून. पाठीवरच्याने खाली पाहिले, खाली काहीतरी आहे हे तिला कळले, ती थांबली. तिच्या बाजूने ते अगदी शहाणपणाचे होते.

छडी उठली नाही. भाची मागे सरकून बसली, रिकीब पायाने चाचपून घेतली, चिंगीच्या मानेवर हात ठेवला आणि मोठा वळसा घेतला. मी दफेदार काकांकडे पाहिले. ते हाताची घडी घालून उभे होते, त्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही. दुसऱ्या वेळी तिची नजर फळीच्या पार, कडुनिंबाच्या शेंड्यावर होती. चिंगी फळीला हातभर जागा सोडून गेली. मग चौथा. टेकताच भाचीच्या पोटऱ्यांचे दडपण मला कुंपणातून दिसले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच मागितल्या, पाच मिळाल्या.

चार गुणांचा दंड, एकवीस मुलांत नववी. बाहेर आल्यावर ती खाली उतरली, खोगिराचा पट्टा दोन घरे सैल केला आणि मग म्हणाली, "माझी नजर खाली गेली, मावशी. ती नाही चुकली." दंड झाल्यावर चूक आपली हे आपणहून सांगणारी माणसे मी मोठ्यांत फार कमी पाहिली आहेत.

आता ती बारा वर्षांची होते आहे, आणि या खेळातले सगळ्यांत अवघड काम समोर आले आहे. मूल वाढते, तट्टू वाढत नाही. वजन जनावराच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये असा पुष्कळ पागांचा दंडक. उडीसाठी दफेदार काका सहावाच धरतात. चिंगी अडीचशे किलो, म्हणजे एक्केचाळीस-बेचाळीस. भाची छत्तीस, खोगीर आणि बाकी सामान सहा. काट्यावर उभे राहून दोघांनी मिळून बेरीज केली आणि दोघेही काही बोलले नाहीत.

मूल वाढले की तट्टू सोडायचे, यालाही एक प्रसिद्ध अपवाद आहे, आणि भाचीने तो मला अनेकदा ऐकवला आहे. मॅरियन कोक्स या इंग्लिश मुलीचा स्ट्रोलर, जेमतेम 145 सेंटिमीटरच्या आसपासचे तट्टू. ती मोठ्यांच्या गटात गेली तेव्हा त्याला विकायचे घाटत होते, तिने विकू दिले नाही. 1967 मध्ये त्याच्यावर तिने हिकस्टेड डर्बी जिंकली आणि 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पूर्ण वाढीच्या घोड्यांशी लढून वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. पण चिंगी 132 ची आहे, आणि तिने यापूर्वी पाच मुले वाढवली आहेत. सहाव्यासाठी तिची कंबर शाबूत राहायला हवी. हे दफेदार काकांनी समजावले तेव्हा भाची रडली, पण तिने हट्ट धरला नाही.

या वर्षी जे पालक मुलांना घोड्यावर घालणार आहेत त्यांना माझी एकच विनंती आहे. दांडीची उंची विचारू नका. मुलाला खूर साफ करता येतो का ते विचारा, आणि पुढचे वर्षभर कुंपणाबाहेर गप्प उभे राहा.

गेल्या रविवारी आठ वर्षांचा एक मुलगा चिंगीवर पहिल्यांदा बसला. भाचीने त्याला चंदीचे माप दाखवले, डावीकडून कसे चढायचे ते दाखवले. चिंगीच्या रिकिबीच्या वादीवर बकलाच्या पाच वळ्या आहेत, एकेका मुलाची एकेक. त्याचे पाय सगळ्यांत वरच्या भोकालाही पुरेनात. दफेदार काकांनी टोच्या आणला आणि दोन्ही वाद्यांवर आणखी एकेक भोक पाडले.