नव्या गाईचे दावे
बाजारातून आणलेली गाय धडधाकट दिसते. परंतु तिच्या शरीरात आयबीआर या श्वसनरोगाचा विषाणू दडलेला असू शकतो. एकदा शिरलेला हा विषाणू चेतापेशींत आयुष्यभर सुप्त राहतो. प्रवासाचा किंवा वेताचा ताण पडला, की तो जागा होऊन नाकातील स्रावावाटे बाहेर पडतो. मग शेजारच्या गाईंना ताप येतो, दूध घटते, गाभण गाई गाभडतात. म्हणून नवे जनावर तीन-चार आठवडे वेगळे बांधावे. त्याची बादली निराळी ठेवावी आणि त्याचे चारापाणी सर्वांत शेवटी करावे. खरेदीच्या आनंदात हा विलंब जड वाटतो खरा! मात्र सुप्त विषाणू केवळ निरीक्षणाने ओळखता येत नाही. त्यासाठी पशुवैद्यकाकडून रक्ततपासणी करून घ्यावी लागते. तीही मुदतीच्या अखेरीस, कारण नुकतीच लागण झालेल्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडे दिसण्यास काही दिवस जातात.