गच्चीवरून टिपलेली देवयानी

पन्नाशी उलटली की झोप माहेरी निघून जाते, असे माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणतात. माझीही तशीच गेली. रात्री दीडच्या सुमारास जे डोळे उघडायचे, ते दूधवाला येईपर्यंत मिटायचे नाहीत. डॉक्टरांनी तपासून "वयाचं आहे, काळजी करू नका" असे सांगितले. मुलगा नोकरीसाठी पुण्याला, मुलगी सासरी. छताकडे बघत उद्याच्या भाजीचा विचार तरी किती करायचा? एके रात्री उठले आणि सरळ गच्चीवर गेले. तिथून माझा छंद सुरू झाला.

छंद कोणता म्हणाल, तर दूरच्या दीर्घिकांचे फोटो काढण्याचा! हसू नका हं. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच अब्जावधी ताऱ्यांचा दुसरा गोतावळा. मोठ्या दीर्घिकांपैकी आपल्याला सर्वांत जवळची देवयानी. जवळची म्हणजे 25 लाख प्रकाशवर्षे दूर! आज डोळ्यांत शिरणारा तिचा उजेड तिथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूसच नव्हता. तरीही काळोख्या गावातून ती नुसत्या डोळ्यांनी धूसर डागासारखी दिसते. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांचा एम अक्षरासारखा आकार शोधा. त्यातला जास्त टोकदार कोपरा जिकडे रोख धरतो, तिकडे देवयानी. पुराणातल्या सवती आकाशातही शेजारीच!

सायीचे गणित

मुलाचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. तिकाटण्यावर लावला की झाले, असे मला वाटले. पण पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. माझ्याकडच्या 135 मिलिमीटरच्या लेन्सने दोन सेकंदांहून जास्त वेळ फोटो घेतला, तर तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट उमटतात. आणि दोन सेकंदांत देवयानी जेमतेम दिसते.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातला आहे. एका दिवसाच्या सायीचे लोणी निघते का? आपण पंधरा दिवस साय साठवतो, मग घुसळतो. इथेही दोन-दोन सेकंदांचे शेकडो फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक बसवायचे. डीपस्कायस्टॅकर नावाची प्रणाली हे काम फुकटात करते. प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याचे स्वतःचे दाणे असतात, पण ते दर वेळी वेगळ्या जागी. देवयानी मात्र आपली जागा सोडत नाही. शंभर फोटो एकत्र केले की ते दाणे तिच्यापुढे दहापट फिके पडतात.

पौषातल्या अमावास्येला मी तीनशे फोटो काढले. पहाटे पाहते तो काय, सगळे दुधाळ! लेन्सवर दव साचले होते. कोणाला सांगितलेही नाही. मुकाट्याने चहा ठेवला.

अंगठी की यंत्र?

ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा हळूहळू फिरवणारे छोटे यंत्र मिळते, त्याला ट्रॅकर म्हणतात. ते असले की एकेक फोटो मिनिटभर घेता येतो. उन्हाळ्यात माझी भिशी लागली आणि मी तो मागवला. हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एवढ्यात तुझी अंगठी झाली असती." खरे होते. पण अंगठी मला हवी आहे का, हे इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते. खरे सांगायचे तर मी स्वतःलाही विचारले नव्हते.

ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. आपल्या महाराष्ट्रात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 16 ते 22 अंश वर. आमच्या गच्चीवरून तो नेमका शेजारच्या पाण्याच्या टाकीआड! शेवटी कपडे वाळत घालायच्या दोरीखाली कोपऱ्यात जागा सापडली.

कुलूपवाल्याची दीर्घिका

याच सुमारास मी अर्जेंटिनातल्या व्हिक्तोर बुसो यांच्याविषयी वाचले. रोसारियो शहरात कुलुपांची कामे करणारे हे गृहस्थ. घराच्या छतावर त्यांनी वेधशाळा बांधली होती. 20 सप्टेंबर 2016 च्या रात्री 16 इंची दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासून पाहण्यासाठी त्यांनी एनजीसी 613 ही दीर्घिका निवडली. ती सुमारे 8 कोटी प्रकाशवर्षे दूर. शहराच्या उजेडामुळे ते वीस-वीस सेकंदांचेच फोटो घेत होते. पाहतात तो आधीच्या फोटोंत नसलेला एक ठिपका उगवलेला आणि बघता बघता उजळत चाललेला! एक प्रचंड तारा फुटत होता आणि त्याचा पहिला उजेड बुसो यांच्या कॅमेऱ्यात आला होता. अशी वेळ अचूक साधण्याची शक्यता एक कोटीत एक किंवा त्याहूनही कमी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज. मेलिना बेर्स्टेन या विदुषीने सहकाऱ्यांसह त्याचा अभ्यास केला आणि तो 2018 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आला.

हौशी माणसांची ही परंपरा जुनीच. देवयानीचा सर्पिल आकार दाखवणारा पहिला फोटो 1888 मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी काढला. पेशाने ते लिव्हरपूलचे बांधकाम व्यावसायिक! आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे हबल यांना ज्या नियमामुळे कळले, तो शोधला हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी. हार्वर्डच्या वेधशाळेत तुटपुंज्या पगारावर फोटोंच्या काचा तपासत बसणाऱ्या या बाईंचा नियम 1912 मध्ये प्रसिद्ध झाला. डाळ-तांदूळ निवडणाऱ्या आपणा बायकांची नजर काही वाया जात नाही!

सर्वपित्री अमावास्या

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला. स्वच्छ आकाशाची पहिली अमावास्या आली ती नेमकी सर्वपित्री. सासूबाई म्हणाल्या, "आज रात्री गच्चीवर? घरात कोणी मोठं माणूस आहे की नाही?" मी उलट बोलले नाही, पण साडेअकराला वर गेले. देवयानी जवळजवळ डोक्यावर होती.

एकच्या सुमारास जिन्यात पावले वाजली. सासूबाई शाल घेऊन मला खाली न्यायला आल्या होत्या. "दाखव तरी काय आहे ते," म्हणून खुर्चीवर टेकल्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लांबट, मधे उजळ असा ढगासारखा पुंजका होता. मी म्हटले, "ही देवयानी."

"शुक्राचार्यांची लेक? रुसून किती लांब जाऊन बसली गं!"

मग बराच वेळ त्या वर बघत राहिल्या. हळूच म्हणाल्या, "आमच्या गावाला वीज नव्हती. अंगणात निजलं की सगळं आभाळ अंगावर यायचं. लग्न होऊन आले आणि वर बघायचं राहूनच गेलं." त्या रात्री नव्वद फोटो होईपर्यंत आम्ही दोघी वरच होतो.

तो फोटो आता दिवाणखान्यात आहे. चौकट ह्यांनीच करून आणली. झोप काही परत आली नाही, पण जागरणाला काम मिळाले.

हे लक्षात ठेवा

- अमावास्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस उत्तम. दिवाळीची अमावास्या मात्र सोडा. दिवे आणि धूर फार.
- दव काढायला केस वाळवण्याचे यंत्र मंद आचेवर, लांबून फिरवा.
- बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून टायमर लावा.
- विजेरीवर पतंगाचा लाल कागद बांधा, म्हणजे काळोखाला सरावलेले डोळे दिपत नाहीत.
- शेवटी झाकण लावून वीसेक फोटो घ्या. कॅमेऱ्याचे दोष त्यांवरून वजा करता येतात.
- पावसाळ्यात लेन्स घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवा. नाहीतर लोणच्यासारखी बुरशी धरते!
- एकटीने आडरानात जाऊ नका. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी मंडळींसाठी काम करते आहे. अशा संस्थांबरोबर जावे.

आणि मैत्रिणींनो, लगेच काही विकत घेऊ नका. आधी एका काळोख्या रात्री गच्चीवर जा, दिवा मालवा आणि पंधरा मिनिटे नुसते वर बघा. घरात सासूबाई असतील तर त्यांनाही न्या.