पहिले पाचशे

मांजरीच्या अण्णासाहेब मगर उपबाजारात मेथीच्या जुड्या उतरवता उतरवता आबा नावाचे एक शेतकरी शेजारच्याला म्हणाले, "पोरगं आफ्रिकेतनं बुलेट घेतंय." मी कोथिंबीर घ्यायला वाकले होते, तशीच थांबले. मुलगा लष्करात आहे आणि सध्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानमध्ये आहे. गाडी येणार मांजरी बुद्रुकात, नावावर होणार त्याच्या, आणि तो महिनोन् महिने तिच्यावर बसणार नाही. हे काम नेमकं कोण करतं ते मला बघायचं होतं. आबांनी येऊ दिलं.

सुट्टीवर आल्यावर का नाही घेत, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर सुनेनं दिलं. सुट्टी मिळते मोजकी. त्यात बुकिंग, कँटीनची मंजुरी, विमा, पासिंग करत बसलं तर गाडी हातात येईपर्यंत परतीची तारीख उजाडते. मागच्या वेळी तो घरी होता तेव्हा फॉर्मवर सह्या तेवढ्या करून गेला. बाकीचं घरच्यांनी निभावायचं ठरलं.

फौजी गाडी घेतो ती बहुतेक लष्कराच्या कँटीन खात्यातून. १९४८ पासून चालत आलेल्या या खात्यातून मोटारसायकल घेतली की जीएसटी निम्माच लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याच्याही निम्मा. पगारातून पै-पै बाजूला काढणाऱ्या जवानाला हा फरक मोठा आहे. नोव्हेंबर २०२० पासून ही मागणी ऑनलाइन नोंदवता येते, म्हणून तर तिकडून हे जमलं. पण पैसे भरताना ओटीपी येतो तो भारतातल्या नंबरवर, आणि ते सिमकार्ड होतं सुनेच्या फोनमध्ये. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. रात्री साडेअकराला, लेकराला झोपवून, ती एका फोनवर नवऱ्याशी बोलत दुसऱ्या फोनवरचे आकडे वाचून दाखवत होती. पहिल्या खेपेला नेट तुटलं आणि वेळ संपली. दुसऱ्या खेपेला पैसे गेले. मंजुरीचं पत्र शोरूमला पोचलं आणि आबांनी देवापुढे साखर ठेवली.

नंबर कुठला घ्यायचा यावरही घरात बोलणं झालं. सैनिकांना २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबर घेता येतो. बदली होईल त्या राज्यात पुन्हा नोंदणीची कटकट उरत नाही. शोरूममधल्या मुलीनं तो सुचवला. मुलानं फोनवरून एका शब्दात नको म्हटलं. त्याला एमएच १२ च हवा होता.

गाडीवर काम करत होता लातूरकडचा एक मुलगा, आयटीआय झालेला, विशीतला. शोरूमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं राज्य. गाडी ग्राहकाला देण्याआधी जी तपासणी होते तिला तिथं सगळे पीडीआय म्हणतात. बॅटरी चार्ज करून जोडणं, हवा, चेन, ब्रेक, दिवे, ऑइल, नट आवळणं, हे सगळं त्यानं न बोलता उरकलं. मग बटण दाबलं. नव्या बुलेटला किक नाही, हे आबांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सायलेन्सर पहिल्यांदाच तापत होता. कारखान्यात नळीवर राहिलेला तेलाचा पातळ थर जळू लागला, निळसर धूर निघाला आणि शेडभर एक वास पसरला. थोडा गोडसर, थोडा घशाला लागणारा. गाडीच्या आयुष्यात तो एकदाच येतो, त्या मुलानं सांगितलं. थर जळून गेला की संपला. त्या दुपारनंतर मी पुन्हा पुन्हा त्या शेडकडे गेले ते बरंचसं त्या वासासाठी. ज्यानं पै-पै साठवून गाडी घेतली त्याच्या वाट्याला तेवढा एक वास येणार नव्हता. आवाज मात्र त्याच्यापर्यंत गेला. सुनेनं फोन सायलेन्सरजवळ धरला होता. पलीकडे जवान काही बोलत नव्हता. बाजूला कुणीतरी हिंदीत विचारत होतं, "स्टार्ट हुई क्या?"

मग वाद झाला. जवान म्हणाला, "आबा, गाडी झाकून ठेवा. मी येईपर्यंत मीटर शून्यावर राहू दे." आबांनी मान डोलावली. मेकॅनिकनं मात्र फोन हातात घेतला. "फौजी, रागावू नका. पहिले पाचशे चालवावेच लागतात."

पुढे कितीतरी वेळ तो समजावत होता. पहिलं सर्व्हिसिंग पाचशे किलोमीटर किंवा पंचेचाळीस दिवस, यातलं जे आधी येईल ते. पहिल्या पाचशेत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला बसतात, घासून निघालेला धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो, म्हणून ते ऑइल बदलायचं. नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतो. आणि पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकी अर्धी ठेवून महिनोन् महिने झाकली तर आतून गंज. "पाचशे फिरवा काका, सावकाश फिरवा, पण फिरवा." उसापासूनच्या याच इथेनॉलवर काम करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीतच आहे. हा मुलगा रोज तिच्या फाटकावरून कामाला येतो.

मला त्या मुलाचं पटलं. यंत्र जपायचं म्हणजे चालवायचं. पण शून्य आकडा मागणाऱ्या जवानाचंही मन मला कळत होतं. घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट आपल्यासाठी कोरी राहावी असं वाटणारच.

जवान तिकडे मोटारसायकली रोज बघतो, आबा सांगत होते. पूर्व आफ्रिकेत मोटारसायकलच टॅक्सी म्हणून चालते, तिला बोडा-बोडा म्हणतात, आणि त्या भागातल्या कितीतरी बोडा-बोडा म्हणजे आपल्या पुण्याच्या बजाजच्या बॉक्सर. तो स्वतः मात्र पांढऱ्या गाडीत, हेल्मेट आणि जाकीट घालून. एप्रिल २०१३ मध्ये गुमुरुकजवळ शांतिसेनेच्या ताफ्यावर हल्ला झाला, पाच भारतीय सैनिक त्यात गेले. ही बातमी आबांना वर्षासकट पाठ आहे. मुलाची नेमणूक कळली त्या रात्री त्यांनी ती कुणाकडून तरी वाचून घेतली होती. नंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. बुलेटचा विषय सगळे काढतात.

शेवटी जवान कबूल झाला. पाचशेच, त्यावर एकही नाही.

ते पाचशे आबांच्या वाट्याला आले. त्यांची स्वतःची एक जुनी बुलेट होती, भाजीच्या पाट्या बांधून ती हडपसरला नेत. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. नवीचं उलटं. पहिल्या दिवशी रेल्वे फाटकाकडे जाताना त्यांचा उजवा पाय सवयीनं गिअर शोधायला गेला आणि गाडी गचकन थांबली. एकशेपंचाण्णव किलोचं वजन सावरताना त्यांचा गुडघा दुखावला. हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. पहिली फेरी थेऊरला, चिंतामणीच्या दर्शनाला. मग रोज पहाटे बाजार आटोपला की लोणी काळभोर, उरुळी कांचन, कधी यवत. चाळीस-पन्नासच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, एकाच वेगानं फार वेळ चालवायची नाही, हे मेकॅनिकनं सांगितलेलं ते मंत्रासारखं पाळतात. घरी आल्यावर मीटरचा फोटो मुलाला जातो.

कागदावर या गाडीचा मालक एकच आहे. आरसीवर त्याचं नाव, विम्यावर त्याचं नाव, कँटीनच्या पत्रावर त्याचा नंबर. रात्री आकडे वाचणारी बायको, गुडघ्याला हळद लावून फेऱ्या मारणारा बाप आणि परगावाहून येऊन दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या तयार करणारा तो मुलगा, यांच्यासाठी फॉर्मात रकाना नाही. जवानाच्या नोकरीत घरच्यांची ही नोकरी धरलेली असते, आणि तिची नोंद कुणी तरी ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तीनशे चाळीसला आबांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. पंचेचाळीस दिवसांतले थोडेच उरले होते. "तारखेला आणा काका, किलोमीटर भरले नाहीत तरी चालेल," मेकॅनिक म्हणाला. आबा ऐकेनात, पाचशे म्हणजे पाचशे.

सून मध्येच म्हणाली, "मामा, राहिलेले मी करते." तिच्याकडे परवाना आहे तो बिनगिअरच्या गाडीचा. त्यात गिअरची गाडी वाढवून घ्यायला तिनं अर्ज भरला आहे. लर्निंग हातात आल्यावर शेडमागच्या मोकळ्या जागेत क्लच शिकवायचं मेकॅनिकनं कबूल केलंय, संध्याकाळी काम सुटल्यावर. नवऱ्याला तिनं अजून सांगितलेलं नाही. मीटरचा फोटो मात्र आता ती पाठवते.